"बरें जालें देवा निघालें दिवाळें": संकटातून माणूस खरंच मोठा होतो का?

हल्ली मोबाईल उघडला की दर चार रीलमागे एक रील असतं, मागे बासरी, पाऊस पडलेली खिडकी आणि एक धीरगंभीर आवाज सांगत असतो की तुमच्या आयुष्यात जे वाईट घडतंय ते तुम्हाला घडवायलाच घडतंय. कुणाची नोकरी गेली, कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या रिपोर्टमध्ये गाठ निघाली, सगळ्यांना एकच औषध, 'युनिव्हर्सवर विश्वास ठेवा'. फॅमिली ग्रुपवर त्याचीच घरगुती आवृत्ती फिरते, देव आपल्या माणसाचीच परीक्षा घेतो वगैरे. आणि ज्याच्यावर खरंच वेळ आलेली असते तो बिचारा हात जोडलेला इमोजी टाकून गप्प बसतो.

आता पंचाईत अशी आहे की हे सगळं साफ खोटं आहे असंही म्हणता येत नाही. मोठ्या धक्क्यातून गेलेली आणि नंतर जरा वेगळीच झालेली, म्हणजे आधीपेक्षा शांत, कमी हट्टी, दुसऱ्याचं दुखणं लवकर ओळखणारी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिलेली असतात. तशीच त्याच धक्क्याने कडवट झालेली, कोलमडलेली, दारूत बुडालेलीही पाहिलेली असतात, फक्त त्यांच्यावर कुणी रील बनवत नाही. मग नेमकं खरं काय? मानसशास्त्रवाले यावर तीसेक वर्षं डोकं खपवतायत, आणि आपल्याकडे देहूच्या एका वाण्याने चारशे वर्षांपूर्वी स्वतःवर गुदरलेलं ओळीओळीत लिहून ठेवलंय. दोन्ही शेजारी ठेवून बघू. माझं मत आधीच सांगतो म्हणजे भांडायचं असेल तर सोयीचं पडेल: दुःख स्वतःहून कुणाला काही शिकवत नाही, त्यानंतर माणूस जे करतो आणि आजूबाजूचे त्याला जे करू देतात त्यातून काहीतरी उगवलं तर उगवतं.

## या प्रकाराला नाव काय आहे

रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅलहून हे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या शार्लट इथल्या शाखेतले दोन मानसशास्त्रज्ञ. नव्वदच्या दशकात त्यांनी 'पोस्ट-ट्रॉमॅटिक ग्रोथ' असा शब्द आणला, मराठीत आघातोत्तर वाढ म्हणा. अर्थ साधा आहे, मोठ्या आघाताशी झुंजताना माणसात होणारा चांगला बदल. पुढे मी नुसतं 'वाढ' म्हणणार आहे, सारखा तो मोठा शब्द नको.

1996 मध्ये त्यांनी ही वाढ मोजायला 21 विधानांची एक प्रश्नावली छापली, प्रत्येक विधानाला शून्य ते पाच गुण. त्यात पाच जागा धरल्यात: नाती जवळची होणं, नव्या वाटा दिसणं, स्वतःच्या ताकदीचा अंदाज येणं, जगण्याची किंमत कळणं आणि आध्यात्मिक बदल. शेवटच्या जागेसाठी मूळ यादीत फक्त दोनच विधानं होती, आध्यात्मिक गोष्टी आता जास्त कळतात आणि धर्मावरची श्रद्धा पक्की झाली. पुढे लक्षात आलं की देव न मानणाऱ्याला इथे खूण करायला जागाच नाही, म्हणून 2017 च्या सुधारित यादीत 'जगण्याचा अर्थ काय', 'मी सगळ्यांशी जोडलेला आहे' अशा धाटणीची आणखी चार विधानं घातली.

इथे एक गल्लत नेहमी होते. धक्का बसला आणि महिन्या-दोन महिन्यांत माणूस होता तसा कामाला लागला, याला वाढ म्हणत नाहीत, तो चिवटपणा झाला. आणि सगळ्यात जास्त माणसं याच खात्यात असतात बरं का. जॉर्ज बोनॅनो नावाच्या संशोधकाने जवळचं माणूस गमावलेल्यांचा पुष्कळ अभ्यास केला, त्यात सर्वाधिक आढळणारी वाट हीच निघाली, दुःख होतं पण रोजचं जगणं साधारण सुरू राहतं. म्हणजे नवरा गेल्यावर एखादी बाई ना कोसळली ना संत झाली, नुसती आपली दुकान चालवत राहिली, तर तिच्यात काही कमी नाही. वाढ हा वेगळाच प्रकार आहे, त्यात आधी काहीतरी मोडावं लागतं.

## मोडतं ते काय

रॉनी जॅनॉफ-बुलमन या संशोधिकेने 1992 मध्ये यावर छान मांडणी केली. आपण सगळे मनात तीन समजुती धरून जगत असतो, बोलत नाही पण धरलेल्या असतात. जग एकंदरीत बरं आहे, जगात काहीतरी हिशोब आहे म्हणजे चांगलं वागणाऱ्याचं चांगलं होतं, आणि मी चांगला माणूस आहे. मोठा आघात होतो तेव्हा नोकरी, पैसा किंवा माणूस जातो ते तर आहेच, पण त्याखाली या तीन समजुती तडकतात. म्हणून तर हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये सगळे एकच प्रश्न विचारतात, 'आम्ही कुणाचं काय वाईट केलं होतं?' तो प्रश्न डॉक्टरला नसतोच मुळी, तो दुसऱ्या नंबरच्या समजुतीला असतो.

टेडेस्की-कॅलहून याला भूकंपाची उपमा देतात. आपल्याला त्यासाठी लांब जायला नको. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, किल्लारी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक झोपलेले, चार वाजायच्या आत जमीन हलली आणि लातूर-उस्मानाबादकडची गावंच्या गावं बसली, हजारो माणसं गेली. मारलं ते भूकंपापेक्षा घरांनी. दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचं वजनदार माळवद, उन्हाळ्यात थंडगार, पिढ्यान्‌पिढ्या भक्कम वाटलेलं घर, आणि तेच अंगावर आलं. मनातल्या समजुतींचं असंच असतं, हलत नाही तोवर त्यांच्याइतकं भक्कम काही नाही.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. त्यानंतर 52 गावं नव्या जागी वसवली, भूकंपाला टिकतील अशी घरं बांधली, बाकीच्या शेकडो गावांत घरं दुरुस्त केली, त्यासाठी जागतिक बँकेचा पैसा, इंजिनिअर, गवंडी, संस्था आणि वर्षानुवर्षं लागली, तोवर लोक पत्र्याच्या शेडमध्ये. आता नवी घरं भूकंपाने दिली असं कुणी म्हणतं का? भूकंपाने फक्त पाडलं. बांधलं माणसांनी. आणि बांधलेलं सगळं छानच झालं असंही नाही, नवी गावं सरळ रस्त्यांची आणि ऐसपैस झाली पण जुन्या गल्लीबोळातली, वाड्यातली जवळीक गेली म्हणून लोक हळहळलेच. मनाचंही तसंच, नव्या बांधणीत जुन्याची एखादी खोली कायमची जाते.

## तुकोबांनी क्रम लिहून ठेवलाय

'बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली' ही ओळ आपल्याला पाठ असते आणि नेमकी हीच ओळ लोक दुसऱ्याच्या तोंडावर फेकतात, बघा तुकोबांनी संकटाचे आभार मानलेत, तुम्हीही माना. पण ही ओळ सगळं होऊन गेल्यानंतरची आहे. त्याआधी काय काय झालं ते वाचायचं असेल तर 'याति शूद्र वैश्य केला वेवसाव' हा आत्मचरित्राचा अभंग काढून बसा.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. घर खाऊनपिऊन सुखी, महाजनकी, दुकान, सावकारी, घरचं विठ्ठलाचं देऊळ. आईवडील गेले, थोरली वहिनी गेली, त्यानंतर थोरला भाऊ सावजी तीर्थाला म्हणून निघून गेला, विशी-एकविशीच्या पोरावर सगळा प्रपंच. आणि त्यात 1630 च्या आसपासचा तो दख्खनचा भयंकर दुष्काळ, लागोपाठ पाऊस नाही, वरून शाहजहानच्या फौजांची धामधूम. दुकान बसलं. पहिली बायको रखमाबाई अन्नावाचून गेली, पाठोपाठ मुलगा संतू गेला.

हे ते कसं सांगतात? 'दुष्काळें आटिलें द्रव्य नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली.' बस, एवढंच. त्यात देवाची लीला नाही, परीक्षा नाही, शिकवण नाही. लगेच पुढे 'लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें'. लाज वाटते म्हणतायत. मला हा अभंग आवडतो तो याच्यासाठी, कारण दिवाळं निघालेल्या माणसाला दुःखाइतकीच लाज खात असते आणि ते कुणी बोलून दाखवत नाही, आजही नाही, लोन थकलेल्या माणसाला विचारा.

त्यानंतर काय, तर साक्षात्कार नाही. 'देवाचें देऊळ होतें तें भंगलें । चित्तासी जें आलें करावेंसें.' घरचं देऊळ पडायला आलं होतं, ते दुरुस्त करावंसं वाटलं. म्हणजे दगडमातीचं काम! मग एकादशीला कीर्तन सुरू केलं, आणि तेही 'नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं', म्हणजे आधीचा काही अभ्यास नव्हता. मग संतांची वचनं पाठ केली. मग 'गाती पुढें त्यांचें धरावें धृपद', पुढे जे गातायत त्यांच्या मागे उभं राहून ध्रुपद धरायचं. जरा डोळ्यासमोर आणा, ज्याच्या दुकानाला लोक सलाम करायचे तो आता कुणाच्या तरी मागे टाळकऱ्यांत उभा आहे, स्वतःचं काही गात नाही, दुसऱ्याची ओळ झेलतोय. पुढे 'टाकला तो कांहीं केला उपकार । केलें हें शरीर कष्टवूनि', जमेल तेवढी दुसऱ्याची कामं केली, अंग झिजवलं. परंपरा असंही सांगते की लोकांकडून येणं असलेल्या कर्जाच्या कागदांतला स्वतःच्या वाट्याचा हिस्सा त्यांनी इंद्रायणीत सोडला, म्हणजे त्याच दुष्काळात मेलेल्यांच्या घरी वसुलीला जायचं नाही असं ठरवलं. त्यानंतर 'सत्यअसत्यासी मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमता'. आणि हे सगळं झाल्यावर कुठे कवित्वाची स्फूर्ती येते.

तीन गोष्टी बघा इथे. एक, हाताचं काम आधी आहे आणि अर्थ नंतर. दोन, हे एकट्याने गुहेत बसून झालेलं नाही, देहूजवळच्या भंडारा डोंगरावर जाऊन एकांत धरला तरी कीर्तन, टाळकरी, पाठांतर सगळं माणसांत आहे. आणि तिसरी माझ्या लेखी सगळ्यात मोठी. अभंगाच्या सुरुवातीलाच ते म्हणतात, 'नये बोलों परि पाळिलें वचन । केलियाचा प्रश्न तुम्हीं संतीं.' खरं तर बोलू नये, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. म्हणजे कुणीतरी विचारलं होतं. समजावलं नव्हतं, विचारलं होतं.

## तेच तेच मनात घोळतं त्याचं काय

संशोधक दोन प्रकार पाडतात. एक घोळणं आपोआप येतं, रात्री तीनला जाग येते आणि तोच सीन पुन्हा सुरू, त्या दिवशी मी लवकर निघालो असतो तर, दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं असतं तर. सुरुवातीला हे जवळजवळ सगळ्यांना होतं, वेड लागल्याचं लक्षण नाही. दुसरं घोळणं जाणूनबुजून असतं, म्हणजे बसून विचार करणं की हे असं झालं, आता यापुढे मी कशाला काय समजायचं. वाढ या दुसऱ्याशी जोडलेली दिसते. पहिल्यातून दुसऱ्यात जायला वेळ लागतो आणि बहुतेकदा एखादं ऐकून घेणारं माणूस लागतं, नाहीतर कागद.

माझी एक मावशी आहे. काका अचानक गेले तेव्हा घरातला एकही पासवर्ड तिला माहीत नव्हता. विमा एजंटने दिलेली जुन्या वर्षाची एक डायरी होती, तिच्यात ती रोज रात्री लिहायला लागली, एका बाजूला हिशोब, दूध, गॅस, लाइट बिल, आणि समोरच्या पानावर काकांना उद्देशून तक्रारी. 'तुम्ही नॉमिनीच्या फॉर्मवर सही अर्धवट ठेवलीत, बँकेत आज दोन तास उभी होते, तुमचा राग आलाय.' बरेच महिने नुसता रागच होता. मग हळूहळू तक्रारींच्या पानावर दुसरंही काही यायला लागलं, आज शेजारच्या वहिनींचा फॉर्म मी भरून दिला, त्यांनाही यातलं काही कळत नव्हतं. तिला कुणी म्हणालं की ताई तुम्ही किती खंबीर झालात, तर ती म्हणते, झाले की, पण एवढं महाग खंबीर व्हायचं नव्हतं मला.

लिहिण्यावर अभ्यासही झालेत. जेम्स पेनेबेकरने 1986 मध्ये विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस रोज पंधरा मिनिटं स्वतःच्या सगळ्यात वाईट अनुभवावर लिहायला लावलं, ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या ते पुढच्या महिन्यांत दवाखान्यात कमी गेले. नंतर शेकडो प्रयोग झाले, फायदा दिसतो पण छोटा असतो आणि सगळ्यांना होतो असं नाही, त्यामुळे 'जर्नलिंग करा, आयुष्य बदलेल' टाइपच्या कोर्सला पैसे भरू नका. वही पुरते.

## आध्यात्मिक म्हणजे देवधर्मच का, आणि देवाचा राग आला तर?

देव मानत नसाल तरी हा बदल होऊ शकतो, वर म्हटलं तसं यादीच बदलली त्यासाठी. मरण जवळून बघितलेला माणूस देवळात न जाताही म्हणतो की आता फालतू भांडणात रस नाही, वेळ कमी आहे. आध्यात्मिक हा शब्द नको असेल तर राहू द्या बाजूला.

पण देव मानणाऱ्यांची अडचण वेगळीच असते आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. संकट आलं की श्रद्धा वाढते हे अर्धंच खरं आहे, कितीतरी जणांची ती हलते. केनेथ पार्गामेंट या संशोधकाने याला आध्यात्मिक झगडा म्हटलंय, म्हणजे देवाने मला टाकलं, देव मला शिक्षा करतोय, असं वाटत राहणं. 2001 मध्ये त्यांच्या गटाचा आजारी वृद्धांवरचा अभ्यास आला, दोन वर्षं माग ठेवला होता, तर हा झगडा ज्यांच्या मनात होता त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. झगड्यामुळेच मेले असं त्यातून सिद्ध होत नाही, पण 'श्रद्धा ठेवा, सगळं ठीक होईल' असं उडवून लावण्याइतकी ही गोष्ट साधी नाही हे नक्की. आणि अशा माणसाला 'तुझं प्रारब्ध', 'मागच्या जन्मीचं फेडतोयस' म्हणणं म्हणजे त्याच आगीत तेल.

राग आला म्हणजे श्रद्धा संपली असंही नसतं हो. आपल्या संतांइतकं देवाशी कुणी भांडलं नसेल. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा विठ्ठलाला थेट विचारतो, 'आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती', आणि पुढे 'जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता'. देवाला म्हणतो तुला लाज वाटत नाही का! आणि हे अभंग टाकून नाही दिले कुणी, गाथेत आहेत. त्यामुळे नातेवाइकांपैकी कुणी म्हणत असेल की मी आता देवाला दिवा लावणार नाही, तर लगेच घाबरून त्याला समजवायला धावू नका, भांडण चालू आहे म्हणजे बोलणं चालू आहे.

## म्हणजे दुःख चांगलंच म्हणायचं?

नाही. कर्ममेळ्याचाच धागा पुढे नेतो. चोखोबा 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर वेठीला असताना भिंत कोसळून गेले असं सांगतात. ते दुःख 'आत्म्याच्या प्रवासासाठी' आलेलं नव्हतं, ती माणसांनी माणसांवर लादलेली व्यवस्था होती. आजही कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला, मार खाणाऱ्या सुनेला, कंत्राट संपलं म्हणून एका मेलवर काढलेल्या कामगाराला 'यातून तू मोठा होशील' म्हणणं हे अन्याय करणाऱ्याच्या फार सोयीचं असतं. जे टाळता येतं ते आधी टाळायचं, थांबवता येतं ते थांबवायचं, तक्रार करायची, केस करायची, घर सोडायचं. वाढीची भाषा जे टाळताच येत नाही त्याच्यापुरती.

आध्यात्माच्या नावाखाली दुखणं झाकायची पण एक सवय असते, जॉन वेलवुड या मानसोपचारतज्ज्ञाने 1984 मध्ये तिला आध्यात्मिक बायपास असं नाव दिलं. गावाबाहेरून रस्ता काढतात तसा दुःखाला वळसा. सत्संग, मौन, शिबिरं सगळं चालू असतं आणि घरातल्या वारलेल्या मुलाचं नाव वर्षानुवर्षं कुणी काढत नाही.

## पण हे खरं असतं की मनाची समजूत?

हा आक्षेप सगळ्यात दमदार आहे. प्रश्नावली भरताना माणूस स्वतःच सांगतो की मी बदललो. आपण आधी कसे होतो हे कुणाला नीट आठवतं? आधीचा 'मी' जरा वाईट रंगवला की आताचा आपोआप चांगला दिसतो. पॅट्रिशिया फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये हे तपासलं, विद्यार्थ्यांच्या मोठ्या गटाची आधीच मोजणी करून ठेवली, मधल्या काळात ज्यांच्यावर काही गुदरलं त्यांची पुन्हा केली. 'मी वाढलो' असं वाटणं आणि मोजणीत दिसलेला बदल यांचा मेळ फारसा बसला नाही. उलट ज्यांना आपण खूप वाढलो असं वाटत होतं त्यांचा त्रासही वाढलेला दिसला. म्हणजे निदान सुरुवातीच्या काळात 'मी यातून खूप शिकलो' हे वाक्य बरेचदा जखमेवरची पट्टी असतं.

पट्टी असणं वाईट आहे का? मला नाही वाटत. पट्टीनेही रक्त थांबतं. फक्त तिला नवी कातडी समजू नये. आणि जर्मन संशोधक मेर्कर आणि झोल्नर यांनी 2004 मध्ये साधारण असंच म्हटलंय, की या वाढीला दोन तोंडं आहेत, एक खरं आणि एक स्वतःला समजावणारं, एकाच माणसात दोन्ही असू शकतात.

ओळखायचं कसं मग? माझा गावठी नियम असा की त्या माणसाला विचारू नका, त्याच्या घरच्यांना विचारा. तो बदललाय असं मोलकरणीला, धाकट्या भावाला, ड्रायव्हरला जाणवतंय का. पोस्टमध्ये लिहिलेली वाढ मी मोजत नाही.

## आणि घरच्यांनी काय मोजलं?

इथे तुकोबांकडे परत जावंच लागतं, कारण त्याच 'बरें जालें'च्या अभंगात पुढे एक ओळ आहे जी कीर्तनात घाईघाईत उरकतात. 'बरें जालें तुझें केलें देवाईल । लेंकरें बाईल उपेक्षिलीं.' बायकामुलांकडे दुर्लक्ष केलं हे ते स्वतः सांगतायत, लपवत नाहीत. त्याच अभंगात बायकोला कर्कशाही म्हटलंय. दुसरी बायको जिजाई, जिला लोक आवली म्हणतात, तिच्या कर्कशपणाचे किस्से आपण हसत हसत ऐकत आलोय, पण दुष्काळातून वर आलेल्या घरात पोरांच्या पोटाला काय घालायचं हा प्रश्न रोज तिच्यासमोर होता, नवरा डोंगरावर असताना तिने भाकरी घेऊन डोंगर चढायचा अशी परंपरेतलीच आठवण आहे. एका माणसाच्या वाढीचं बिल बरेचदा दुसऱ्याच्या नावावर फाटतं. नोकरी सोडून 'स्वतःचा शोध' घ्यायला निघालेल्यांनी घरी कोण ईएमआय भरतंय ते एकदा बघावं, आणि त्या मूळ 21 विधानांच्या प्रश्नावलीत बावीसावं विधान घालायचं झालं तर मी तेच घालीन.

## बरं, मग करायचं काय

ज्याच्यावर वेळ आलीय त्याने पहिल्या काही महिन्यांत 'मी यातून काय शिकतोय' हे शोधूच नये. झोप, जेवण, एखादं हाताचं काम आणि आठवड्यातून एकदा तरी माणसांत बसणं, भजनी मंडळ असो, ग्रंथालय असो, कट्टा असो. आपल्याकडे दहावं, तेरावं, वर्षश्राद्ध असं जे वेळापत्रक होतं त्यातले विधी पटत नसतील तर सोडा, पण ठराविक अंतराने लोक घरी यायचेच ही सोय त्यात होती, ती सोडू नका.

आजूबाजूच्यांसाठी एकच गोष्ट. खोदून खोदून 'मोकळी हो, रडून घे, सांग काय काय झालं' असं पहिल्या दिवसांत करू नका, लगेच बसवून सगळं बोलायला लावण्याच्या पद्धतीची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करत नाही, फायदा दिसला नाही म्हणून. डबा न्या, बँकेच्या रांगेत सोबत उभे राहा, पोरांना शाळेतून आणा. बोलायचं असेल तर समोरचा बोलेल तेव्हा ऐका, आणि खूप दिवसांनी, त्याला बरं वाटेल अशा वेळी, विचारा. तोवर 'बरं झालं'ची ओळ खिशात ठेवा, ती म्हणायची असेल तर तोच म्हणेल, आणि नाही म्हणाला तरी त्याचं काही चुकलेलं नाही.

आणि सहा महिने-वर्ष उलटूनही माणूस त्याच जागी अडकलेला असेल, खाणंपिणं सुटलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर तिथे ना अभंग ना हा लेख, डॉक्टर. मरायच्या गोष्टी करत असेल तर एक दिवसही थांबू नका. जवळ कुणी नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.